चार हजार सायटेशनवाले सर की साडेतीनशेवाल्या मॅडम?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या, इतिहासात एम.ए. झालंय, पुराश्मयुगावर, म्हणजे दगडी हत्यारांच्या सगळ्यात जुन्या काळावर, पीएच.डी. करायची आहे. दोन गाईड घ्यायला तयार आहेत. सरांच्या गूगल स्कॉलरच्या (शोधनिबंधांच्या शोधयंत्राच्या) पानावर चार हजारांवर सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत केलेले उल्लेख, आणि एच-इंडेक्स 28 (त्याचं गणित पुढे सांगतो). मॅडमच्या पानावर साडेतीनशेच्या आसपास, एच-इंडेक्स 9. त्यात फार्मसीत संशोधन करणाऱ्या आतेभावाने ते पान बघून सांगितलं, “नऊ म्हणजे काहीच नाही, माझाच चौदा आहे.” तेव्हापासून मॅडमचं नाव तुम्ही जवळजवळ खोडलंय, पण मन मानत नाही.

दोघांची नावं दिली नाहीत ते बरं केलंत. आमचं क्षेत्र एवढंसं आहे की दोघंही माझ्या ओळखीचे असणार, आणि एकाबरोबर तरी कुठल्यातरी सेमिनारमध्ये वाजलेलं असणार. माझ्याबद्दल इतकंच सांगतो की पुण्यात शिकलो, तीसेक वर्षं नदीकाठचे छेद (थर दिसावेत म्हणून उभ्या कापलेल्या कडा) खरवडले, दगड मोजले, विद्यार्थी घेतले, आता फोंड्याला घरी असतो.

तुम्ही विचारलंत ‘मोठं कोण’. पण पुढची पाच वर्षं कोणाच्या हाताखाली काढली तर तुम्हाला दगड वाचता येईल, थर वाचता येईल आणि शेवटी स्वतःच्या नावावर काही उभं राहील, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सायटेशनचा आकडा देत नाही. तो आकडा एवढंच बऱ्यापैकी सांगतो की तारीख कोणाच्या लेखात छापली गेली.

हे जरा फोडून सांगतो. पुराश्मयुगात जगभरचे लोक एकमेकांचा उल्लेख प्रामुख्याने वयासाठी करतात. केनियात किंवा स्पेनमध्ये काम करणाऱ्या माणसाला आपल्या नदीचं नाव उच्चारताही येत नाही, पण ‘दक्षिण आशियात हातकुऱ्हाडी केव्हापासून’ हे वाक्य त्याला प्रत्येक लेखात लिहावं लागतं. त्या वाक्याच्या शेवटी कंस येतो, आणि कंसात ज्याचं नाव त्याची सायटेशन वाढतात.

तमिळनाडूतलं अत्तिरमपाक्कम घ्या. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 च्या मे महिन्यात चेन्नईजवळ पल्लावरमला पहिली हातकुऱ्हाड मिळाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते विल्यम किंग यांच्यासह अत्तिरमपाक्कमला पोचले. म्हणजे ही जागा सगळ्यांना केव्हापासूनच माहीत होती. पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू यांनी आधी ती जागा ज्यात येते त्या कोर्तल्लैयार नदीच्या खोऱ्यावर डेक्कन कॉलेजातून पीएच.डी. केली आणि 1999 मध्ये अत्तिरमपाक्कमला उत्खनन सुरू केलं. कुमार अखिलेश हे त्यांचे या कामातले सहकारी. ‘सायन्स’मधला लेख आला 2011 साली. अश्युलियन (हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली) हत्यारं किमान 10 लाख 70 हजार वर्षांपूर्वीची, सरासरी काढली तर 15 लाखांच्या आसपास. ‘नेचर’मधला आला 2018 साली. मध्य पुराश्मयुगाचं, म्हणजे त्यानंतरच्या टप्प्याचं, तंत्र तिथे सुमारे 3 लाख 85 हजार वर्षांपूर्वी दिसतं. पहिला चर खणल्यापासून पहिल्या मोठ्या तारखेपर्यंत बारा वर्षं, दुसऱ्या तारखेपर्यंत एकोणीस.

मधल्या काळात लहानमोठे लेख येतच होते. पण समजा 2008 साली तुमच्यासारख्या कुणी मुलीने त्यांच्या सायटेशनचा नुसता आकडा पाहिला असता, तर तिला काय कळलं असतं? त्या खड्ड्यात खालच्या चिकणमातीच्या थरातून काय निघतंय, तो थर किती शांतपणे साचलाय, नमुना कुठून घ्यायचा, हे सगळं तोवर झालेलं होतं. राहिलं होतं प्रयोगशाळेतलं काम. जमिनीवर उघड्या पडलेल्या क्वार्ट्झमध्ये वैश्विक किरणांमुळे ॲल्युमिनियम-26 आणि बेरिलियम-10 तयार होतात. दगड खोल पुरला गेला की ते तयार होणं थांबतं आणि दोन्ही आपापल्या गतीने विरत जातात, पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं, दुसऱ्याचं सुमारे चौदा लाख. दोघांचं उरलेलं प्रमाण मोजलं की पुरल्याचं वय निघतं. त्यासाठी त्वरक (कणांना वेग देणारं मोठं यंत्र) लागतो, म्हणून त्या लेखाच्या लेखकांत फ्रेंच नावं दिसतात. नमुना मात्र ज्याने वर्षानुवर्षं थर वाचलाय त्यानेच काढायचा असतो. चुकीच्या जागेवरून काढला तर जगातला सर्वांत महागडा त्वरकसुद्धा चुकीचंच वय अगदी अचूकपणे सांगतो.

कर्नाटकातल्या हुणसगी-बैचबळ खोऱ्यांची गोष्ट अशीच. पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी तिथे कित्येक दशकं पायपीट केली, इसामपूरला चुनखडीची खाण शोधली. आजच्यासारखी खाण नव्हे. हत्यारं करणाऱ्यांनी जिथे बसून फरशा निवडल्या, फोडल्या आणि अर्धवट टाकून दिल्या अशी जागा. माझ्या मते त्या कामाचा गाभा तो आहे, माणूस दगड कसा निवडत होता हे तिथे दिसतं. पण बाहेरचे लोक इसामपूरचा उल्लेख बहुतेक वेळा प्राण्यांच्या दातांवरून काढलेल्या बारा लाख वर्षांच्या तारखेसाठी करतात.

म्हणून तुमच्या सरांचे चार हजार म्हणजे काय, हे लेखांची यादी उघडून बघा. बहुधा तीन-चार लेखांतच त्यातली निम्मी-अधिक सायटेशन अडकलेली असतील, आणि त्या लेखांवर पंधरा-वीस नावं असतील. त्यात सरांचं नाव कितवं आहे? पुराश्मयुगात पहिलं नाव बहुतेक लिहिणाऱ्याचं, शेवटचं बरेचदा प्रकल्प चालवणाऱ्याचं. मधल्या नावांत परवानगी मिळवून देणारा, जागा दाखवणारा, हाडं ओळखणारा, राखेचं रसायन काढणारा, सगळे असतात. मधलं नाव म्हणजे हलकं काम असं मी म्हणत नाही. जागा दाखवणाऱ्याशिवाय त्या लेखातलं एक अक्षरही लिहिलं गेलं नसतं. पण स्कॉलर सगळ्यांना पूर्ण आकडा देतं, सातव्या नावालाही आणि पहिल्यालाही.

आता दुसरी गंमत. आमच्याकडे भांडण झालं की सायटेशन वाढतात.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी आहे. तिथे अश्युलियन हत्यारांजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. राख म्हणजे आमच्यासाठी सोनं, कारण तिचं वय काढता येतं. पहिल्यांदा ती सुमारे 14 लाख वर्षांची निघाली. पुढे दुसऱ्या पद्धतीने पावणेसात लाखांच्या आसपास. आणि एका गटाचं म्हणणं, ही तर सुमात्रातल्या टोबाच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाची राख, म्हणजे 75 हजार वर्षांच्या आतबाहेरची. एकाच थरासाठी 14 लाख आणि 75 हजार! या वादातल्या प्रत्येक लेखाला बाकी सगळ्यांचा उल्लेख करावाच लागतो, पटणाऱ्यांचा आणि न पटणाऱ्यांचाही. मोजणारं यंत्र दोन्ही सारखेच मोजतं.

त्याही आधीचं बघा. द टेरा आणि पॅटरसन या संशोधकांनी 1939 साली हिमयुगावरचा मोठा ग्रंथ काढला. आजच्या पाकिस्तानातल्या सोअन नदीच्या काठच्या गाळाच्या पायऱ्या हिमनद्यांच्या आगेमागे होण्याशी जोडून त्यांनी हत्यारांचा क्रम लावला. पुढे 1980 च्या दशकात पाकिस्तानात पुन्हा पाहणी झाली आणि तो क्रम टिकला नाही. पण ‘तो क्रम टिकला नाही’ हे सांगायलाही त्यांचं नाव घ्यावंच लागतं, आणि अजून घेतलं जातं. पुरातत्त्वज्ञ मोव्हिअस यांनी 1948 मध्ये पूर्व आशियाकडे हातकुऱ्हाडी नाहीत म्हणून जी रेषा ओढली तिचंही तसंच. खोडून काढायला म्हणून जितकी वेळा ती छापली गेली असेल, तितकी मान्य करायला क्वचितच.

माझाच किस्सा सांगतो, इतक्या वर्षांनी लाज उरलेली नाही. उमेदीच्या काळात आपल्याच भागात एका रस्त्याच्या कापलेल्या कडेला, गोट्यांच्या थरात, मला क्वार्ट्झचे सात तुकडे मिळाले. छिलके काढलेले, ठोका बसल्याच्या जागी स्पष्ट फुगवटा. मी हरखलो. घाईघाईत लेख लिहिला, छापूनही आला. दोन वर्षांनी एका ज्येष्ठ अभ्यासकांनी तेच सात तुकडे मागवून घेतले आणि भिंगाखाली धरून मला हाक मारली. “हे बघ.” फुगवट्याच्या टोकाला केसाएवढी राखाडी रेघ होती, थोडी गंजलेली. लोखंडाची. रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्याच्या हातोड्याची. थर म्हणून जो मी मोठ्या अभिमानाने रेखाटला होता तो रस्त्याचा भराव होता.

त्यांनी ते छापलं, सभ्य शब्दांत. आणि आज माझ्या सगळ्या लेखांत सर्वाधिक उल्लेख कुठल्या लेखाचे? त्याच. एकतीस. त्यातले सहा-सात सोडले तर बाकी सगळे ‘अशी चूक करू नये’ या अर्थाने. आतेभावाला सांगा, हा माझा इम्पॅक्ट.

चुकीपर्यंत ठीक, पण जपानचं प्रकरण त्याच्या पलीकडचं. फुजिमुरा शिनिची नावाचा हौशी संशोधक एकामागून एक अधिकाधिक जुनी हत्यारं ‘शोधत’ होता, लोक त्याला दैवी हाताचा म्हणत. नोव्हेंबर 2000 मध्ये मैनिची शिंबुन या वृत्तपत्राने तो स्वतःच खड्ड्यात दगड पुरतानाचे फोटो छापले. तोवर त्या जागा शालेय पाठ्यपुस्तकांत गेल्या होत्या. उल्लेखांची संख्या बघून कुणाला संशय आला नसता. छेद नीट बघितला असता तर कदाचित आला असता.

आता एच-इंडेक्सचं गणित, कारण आतेभावाशी वाद त्यावरूनच झालाय. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली ही कल्पना मांडली. सगळे लेख उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि खाली मोजत जायचं. जिथपर्यंत लेखाचा क्रमांक त्याच्या उल्लेखांपेक्षा मोठा होत नाही, तो तुमचा एच. माझ्या लेखांचे आकडे एके काळी असे होते: 31, 24, 19, 12, 11, 8, 7, 6, आणि खाली किरकोळ. सातव्या लेखाला सात उल्लेख, आठव्याला सहा. म्हणून एच सात. मग एका पावसाळी दुपारी माझ्या विद्यार्थिनीने पान तपासलं तर माझं आडनाव दोन स्पेलिंगांनी नोंदलेलं, एक जुनं आणि एक पासपोर्टवरचं. दोन लेखांचे काही उल्लेख दुसऱ्या स्पेलिंगच्या माणसाकडे जमा होत होते. ते जोडल्यावर सहाचे दहा झाले, सातचे आठ. तिने बटण दाबलं आणि मी नवीन एक दगडही न उचलता सातावरून आठावर गेलो. चहा झाला, भजी झाली.

हिर्श यांनी स्वतःच म्हटलंय की वेगवेगळ्या विषयांत हे आकडे वेगळे पडतात. औषधरसायनात दर महिन्याला किती लेख निघतात आणि किती प्रयोगशाळा एकाच रेणूमागे असतात, याचा अंदाज तुमच्या भावाला असेलच. भारतात पुराश्मयुगावर पूर्णवेळ काम करणारे एका मिनीबसमध्ये मावतील, असं आम्ही गमतीने म्हणतो. उल्लेख करायला माणसंच नाहीत तर आकडा वाढणार कुठून? शिवाय हा विषय सावकाश पिकतो. फूट 1912 मध्ये गेले, त्यांच्या संग्रहाची सूची आणि टिपणं मृत्यूनंतर 1914 आणि 1916 मध्ये छापली गेली, आणि अजून आम्ही ती उघडतो. रसायनशास्त्रात शंभर वर्षांपूर्वीची सूची रोजच्या कामाला कोण काढतं?

आता जे मोजलंच जात नाही ते. मला वाटतं तुमच्या मॅडमचा खरा हिशेब इथे असावा.

पुराश्मयुगाचं कच्चं काम अहवालांत असतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ 1953-54 पासूनचा. त्यात एका जागेला कधी चार ओळी मिळतात, कधी पान. त्या चार ओळींवर पुढे कुणाची पीएच.डी. उभी राहते, पण स्कॉलरला त्या ओळी कुणाच्या ते कळत नाही. ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’ हे जर्नल 1977 पासून निघतं. त्यातले जुने कितीतरी लेख डेटाबेसात धड नाहीत. पुस्तकांची तर गतच निराळी. जर्मन पुरातत्त्वज्ञ गुडरुन कोर्व्हिनस यांनी 1960 च्या दशकात नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिर्की इथे उत्खनन केलं आणि 1981 आणि 1983 मध्ये त्याचे दोन खंड जर्मनीतून काढले. छेद, मोजमापं, हत्यारांची चित्रं, सगळं त्यात आहे. आज तुम्ही महाराष्ट्रातल्या अश्युलियनवर काम करा, ते खंड टेबलावर लागणारच. याच बाईंनी इथिओपियात गोनाला जुन्या हत्यारांची नोंद केली आणि नंतर नेपाळात वर्षानुवर्षं काढली. असं आयुष्य एच-इंडेक्समध्ये बसवायला गेलं तर काहीतरी हास्यास्पद आकडा येईल. कोकणाचं तेच. स्टॅटिरा गझदर यांचं कोकण किनाऱ्यावरच्या चतुर्थक काळाचं (हिमयुगांपासून आजपर्यंतच्या भूवैज्ञानिक काळाचं) आणि अश्मयुगाचं काम डेक्कन कॉलेजने 1980 मध्ये छापलं, आणि आपल्या किनाऱ्यावर काम करायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

गावांच्या नावांचंही असंच होतं. गोव्यातल्या कुशावती नदीकाठची कातळशिल्पं घ्या. त्यांच्या काळाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण मुद्दा कळायला बरी. कुणी उसगाळीमळ लिहितं, कुणी पणसाईमळ, कुणी फणसाईमळ, आणि रोमीत त्याची आणखी चार रूपं. पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग वेगळं, इंग्रजी वळणाचं वेगळं. शोधयंत्राला या चार वेगळ्या जागा वाटतात. मराठीत लिहिलेलं तर जवळपास अदृश्यच.

गोव्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तुमचा विषय इथलाच असणार असं गृहीत धरतो. दूधसागर नदीच्या काठी शिगाव परिसरातून पुराश्मयुगीन हत्यारांच्या नोंदी जुन्या आहेत. पण इथे काम करणं म्हणजे सगळं आपल्या विरुद्ध. जांभ्याची माती आम्ल, हाड टिकत नाही, म्हणजे दातांवरून वय काढणं गेलं. बोरीसारखी राख अजून कुणाला दाखवता आलेली नाही. पावसाळ्यात छेद ढासळतात, काम डिसेंबर ते मे. खाणींनी डिचोली-सांग्यातल्या टेकड्या उलथ्यापालथ्या केल्यात, तेव्हा वरचा थर मूळचा की टाकलेला हे ओळखण्यातच पहिलं वर्ष जातं. रस्त्याच्या भरावाचा माझा किस्सा आठवा. अभयारण्यात गेलात तर वनखात्याची परवानगी वेगळी, आणि उत्खनन करायचं तर 1958 च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. एवढं करून तारीख मिळेलच असं नाही. नदीच्या गाळातल्या क्वार्ट्झवर ल्युमिनेसन्स पद्धतीने वय काढता येतं, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने या पद्धतीत देशात फार मोलाचं काम केलंय. पण ते वय मिळतं गाळ शेवटचा उजेडात होता तेव्हापासूनचं, आणि फार जुन्या थरांत ती पद्धत हात टेकते.

म्हणजे गोव्यावर प्रामाणिक पीएच.डी. झाली तर तिला ‘नेचर’छाप उल्लेख मिळण्याची शक्यता कमी. ती पुढच्या तीस वर्षांच्या कामाचा पाया होईल, आणि पाया जमिनीखाली असतो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग गाईड कोण? हे तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि इथे मी ठाम बोलणार नाही. तुम्हाला पुढे परदेशात पोस्ट-डॉक करायचं असेल, इंग्रजी लिखाण सवयीचं असेल, घरापासून वर्षातले सहा महिने दूर राहता येत असेल, तर सरांची ओळखपाळख उपयोगी पडेल. प्रयोगशाळांचे दरवाजे त्यांच्या एका मेलने उघडतील, तेच मेल मॅडमने पाठवलं तर उत्तराला दोन महिने. हे खोटं का बोलू? पण असे सर वर्षातले किती दिवस तुमच्याबरोबर खड्ड्यात उतरतील, हे त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचारा. सरांना नको. विद्यार्थ्यांना फोन करा, आणि विचारा, “गेल्या सीझनला सर साइटवर किती दिवस होते?” उत्तर येण्याआधी जो थांबा असतो तोच ऐका.

उलट तुम्हाला इथेच राहून काम करायचं असेल, तर मॅडमकडे माझा कल आहे, पण एका अटीवर, ती शेवटी सांगतो. तिसरी वाटही आहे. एकाला गाईड आणि दुसऱ्याला सहमार्गदर्शक करता येतं, विद्यापीठाचे नियम बघा. मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना असंच केलं होतं, थर माझ्याकडे आणि तारखा दुसरीकडे. एकाचं छान झालं. दुसऱ्याला दोन्हीकडून दोन वेगळी मतं ऐकून घ्यावी लागली आणि त्याने वैतागून बँकेची परीक्षा दिली.

नोकरीसाठी आकडा लागत नाही का? लागतो, पण तुमच्या भावाला वाटतो तो नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सहाय्यक प्राध्यापकासाठी प्रत्येक लेखाला ठरावीक गुण आहेत. वरच्या पदांसाठी ते जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्याप्रमाणे) वाढतात. एच-इंडेक्सचा तिथे संबंध नाही. त्या वरच्या पदांच्या हिशेबात दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकी प्रत्येकाला 30. आता मोजा: सरांच्या वीस नावांच्या लेखात तुमचं नाव अकरावं असेल, तर तुमच्या पदरात 30 टक्के. मॅडमबरोबर दोघींचाच लेख असेल तर 70. प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती 2022 च्या नियमांत काढून टाकली आहे, तेव्हा पहिल्या वर्षीच घाबरून पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. आयोगाची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘आमचं जर्नल यादीत आहे’ म्हणणाऱ्यांकडे आता दुर्लक्ष करा.

आकडा अगदी टाकून द्या असंही मी म्हणत नाही. तो वाचायची रीत बदला. मॅडमच्या पानावर जा, त्यांच्या पहिल्या तीन लेखांवर ‘यांनी उल्लेख केला’ असं जे दिसतं त्यावर क्लिक करा, आणि दहा लेख खरंच उघडा. त्यात मॅडमचं नाव कुठे येतं ते शोधा. प्रस्तावनेत, आठ नावांच्या कंसात कोंबलेलं असेल तर तो नुसता नमस्कार आहे. पद्धतीच्या भागात असेल, ‘गाभ्यांची (छिलके काढून उरलेल्या दगडांची) वर्गवारी अमुक यांच्याप्रमाणे केली’ किंवा ‘छेदाचा क्रम अमुक यांच्या मोजमापावर आधारित’, तर कुणीतरी त्यांच्या कामावर उभं राहिलंय. तेच सरांच्या लेखांचं करा. साडेतीनशेतले पन्नास पद्धतीच्या भागातले असतील आणि चार हजारांतले तीस, तर निर्णय तुम्हीच कराल. एक रविवार जाईल, पण पाच वर्षांच्या निर्णयासाठी रविवार काही फार नाही.

आता ती अट. मॅडमना भेटायला जाल तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये बसू नका, स्टोअर बघायला मागा. ‘तुमचा संग्रह बघू का’ म्हटलं की खरा पुराश्मयुगवाला खुलतो. एक ट्रे ओढा, कुठलाही. दगड उलटा करा. कोपऱ्यात नेलपॉलिशची पातळ पट्टी, त्यावर काळ्या शाईत नंबर, वर पुन्हा पॉलिश, असं असायला हवं. जागेचं संक्षिप्त नाव, वर्ष, चर, थर, क्रमांक. मग म्हणा, “मॅडम, हा कुठल्या थरातला?” त्यांनी नोंदवही काढली आणि दोन मिनिटांत ते पान, त्या पानावरचं छेदाचं रेखाटन आणि त्यातली ती जागा बोट ठेवून दाखवली, तर त्याच दिवशी फॉर्म भरा. नंबर नसेल, किंवा ट्रेमध्ये पिवळी पडलेली प्लास्टिकची पिशवी आणि आत पुसट चिठ्ठी निघाली, तर एच-इंडेक्स नऊ असो की एकोणतीस, चहा घ्या आणि परत या.

जायचंच तर मेअखेरीच्या आत जा. पावसाला सुरुवात झाली की स्टोअरची दारं फुगतात, आणि कुणालाही ती उघडायचा उत्साह नसतो.